ब्लॉगला कोणतं प्लगिन लावू? कोल्हापुरातून हमखास येणारे प्रश्न

राजारामपुरीत बसून मी लोकांचे ब्लॉग उभे करून देतो, आणि बिघडले की दुरुस्तही करतो. गिऱ्हाईक म्हणजे रेसिपी लिहिणाऱ्या काकू, निवृत्तीनंतर गडकोटांवर लिहिणारे सर, खासबागेतल्या कुस्त्यांवर लिहिणारा एक पोरगा, गुजरीतला, म्हणजे इथल्या सराफ बाजारातला, एक कारागीर. प्रश्न मात्र फिरून फिरून तेच येतात. फोनवर सांगून सांगून घसा बसला, म्हणून एकदाचं लिहून काढलं. सगळी उत्तरं वर्डप्रेस, म्हणजे ब्लॉग चालवायचं सॉफ्टवेअर, धरून आहेत, कारण इथं बहुतेकांचा ब्लॉग त्यावरच आहे.

प्लगिन म्हणजे नेमकं काय? माझ्या ब्लॉगला चालेल का?

वर्डप्रेसच्या गाभ्यात नसलेली सोय बाहेरून आणून जोडायची, तो जोडलेला तुकडा म्हणजे प्लगिन. वर्डप्रेस २००३ साली आलं आणि पुढच्याच वर्षी १.२ या आवृत्तीत प्लगिनची सोय झाली. आता अधिकृत डिरेक्टरीत हजारोंनी प्लगिन्स फुकट पडलेली आहेत.

गुगलच्या ब्लॉगरवर ब्लॉग असेल तर हे जमणार नाही, तिथल्या गॅजेट्सवरच भागवावं लागतं. वर्डप्रेस डॉट कॉमवर खातं असेल तर तुमच्या प्लॅनमध्ये प्लगिनला परवानगी आहे का ते आधी बघा. डोमेन (साइटचा पत्ता) आणि होस्टिंग (साइटच्या फाइली ठेवायची भाड्याची जागा) स्वतःचं असेल तर मोकळं रान आहे. बिघडलेले ब्लॉग माझ्याकडे येतात ते याच रानातून.

सुरुवात कोणत्या प्लगिनपासून करू?

कुठल्याच नाही. आधी डॅशबोर्ड, म्हणजे ब्लॉगचा आतला कारभाराचा पडदा, बंद करा आणि एखाद्या वाचकाशेजारी जाऊन बसा. फोन त्याचा, नेट त्याचं. तुमचा फोन नको, कारण त्यात तुमची साइट आधीच साठवलेली असते आणि ती कायम झटकन उघडते.

एका काकूंना ब्लॉगवर फोटोंचा सरकता पट्टा हवा होता, किती लोक आले ते मोजणारा आकडा हवा होता, आणि पानभर फुलं पडताना दिसायला हवी होती. मी म्हटलं, एक दिवस थांबू. त्यांच्या जाऊबाई त्यांच्याच ब्लॉगवरून पांढरा रस्सा करणार होत्या, तेव्हा मी ओट्यापाशी स्टूल टाकून बसलो. पान उघडलं तर आधी माहेरच्या आठवणींचे चार परिच्छेद. ते ढकलत त्या साहित्यापर्यंत पोचल्या. खसखस आणि खोबरं वाटायला घेतलं, तेवढ्यात स्क्रीन काळी पडली. हाताला वाटण लागलेलं, मग कोपरानं फोन जागा करायचा प्रयत्न झाला. तो जागा झाला तर पान पुन्हा वरून सुरू. काजू किती घ्यायचे ते बघायला त्या तीनदा वर-खाली गेल्या, आणि चौथ्यांदा थेट जावेला फोन लावला, "अगं, काजू किती?"

एवढ्यातच यादी तयार झाली. थेट पाककृतीकडे नेणारी लिंक, साहित्याची वेगळी चौकट, आणि पाककृती उघडी असेपर्यंत स्क्रीन जागी ठेवायची सोय. रेसिपीसाठीच्या काही प्लगिन्समध्ये या तिन्ही गोष्टी एकत्र मिळतात. एकच प्लगिन लावलं. फुलं आजतागायत पडलेली नाहीत आणि काकूंनाही आता त्यांची आठवण येत नाही.

गडकोटवाल्या सरांच्या वाचकाला यातलं काहीच नको होतं. त्याला पन्हाळा ते पावनखिंड वाटेचा नकाशा हवा होता आणि लेख छापून खिशात घालायचा होता, कारण तिकडं रेंज जाते. म्हणून "ब्लॉगसाठी दहा उत्तम प्लगिन्स" असल्या याद्या वाचून बाजारहाट करू नका. ती यादी करणाऱ्यानं तुमचा वाचक पाहिलेला नसतो.

जास्तीत जास्त किती प्लगिन्स असावीत?

आकडा विचारू नका. पंचवीस हलकी प्लगिन्स असलेला ब्लॉग सुरळीत चालताना पाहिलाय, आणि पाचच असलेला रांगत चालतानाही पाहिलाय, कारण त्यातलं एक प्रत्येक पानावर आपलं सगळं बिऱ्हाड घेऊन यायचं. संपर्काचा फॉर्म एकाच पानावर असतो, पण त्याची स्क्रिप्ट, म्हणजे तो चालवणारा कोड, सगळ्या पानांवर उतरते, हे नेहमीचं दुखणं. कोणतं प्लगिन किती वेळ खातंय ते बघायला क्वेरी मॉनिटर हे प्लगिन तात्पुरतं लावा, तपासा आणि काढून टाका.

माझी एक सवय सांगतो. वहीत प्रत्येक प्लगिनसमोर एक ओळ लिहायची, हे वाचकाची कोणती अडचण काढतं. ओळ सुचली नाही की ते प्लगिन बंद. बॅकअप आणि सुरक्षेला यातून सूट.

एकाच कामाची पन्नास प्लगिन्स दिसतात. त्यातून निवडायचं कसं?

डिरेक्टरीतल्या त्या प्लगिनच्या पानावर उजवीकडे तीन गोष्टी असतात. शेवटचं अपडेट कधी झालं, किती साइट्सवर चालू आहे, आणि वर्डप्रेसच्या कोणत्या आवृत्तीपर्यंत तपासलंय. वर्डप्रेसच्या मागच्या तीन मोठ्या आवृत्त्यांवर तपासलेलं नसेल तर डिरेक्टरी स्वतःच वर पट्टी लावून सांगते. ती पट्टी दिसली की पुढे चला.

पाच तारे देणारे बहुतेक जण पहिल्याच दिवशी देतात, म्हणून तारे मी शेवटी बघतो. आधी एक तारावाले वाचतो. "पैसे मागतात" अशी तक्रार असेल तर सोडून देतो. "अपडेटनंतर साइट बंद पडली" अशा तीन-चार तक्रारी एकाच आठवड्यातल्या दिसल्या तर थांबतो. मग सपोर्टच्या टॅबवर जातो. लोकांना उत्तर मिळतंय का, आणि कसल्या भाषेत मिळतंय? चिडून उत्तरं देणारा लेखक पुढे कंटाळून काम सोडणार, असा माझा अनुभव आहे.

लाखो साइट्सवर आहे म्हणजे निर्धोक, असंही समजू नका. डिस्प्ले विजेट्स नावाचं प्लगिन दोन लाखांच्या आसपास साइट्सवर होतं. २०१७ साली मूळ लेखकानं ते विकलं, आणि नव्या मालकाच्या अपडेटमधून लोकांच्या साइट्सवर स्पॅम मजकूर घुसवण्याची वाट उघडली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ते डिरेक्टरीतून काढून टाकलं गेलं. दुकानाची पाटी तीच, आतला दुकानदार बदललेला. म्हणून अपडेटसोबत बदलांची यादी येते ती निदान चाळत चला, आणि लेखकाचं नाव बदललेलं दिसलं तर त्या दिवशी अपडेट करू नका.

मित्रानं प्रो, म्हणजे विकतच्या, प्लगिनची झिप फाइल फुकट दिलीय. टाकू का?

नको. फुकट फिरणाऱ्या अशा झिपमध्ये अनेकदा साइटमध्ये घुसायला चोरासाठी मागचं दार उघडं ठेवलेलं असतं. पैसे द्यायचे नसतील तर डिरेक्टरीतली फुकट आवृत्ती वापरा, ब्लॉगपुरती ती बहुतेकदा पुरते.

पान लवकर उघडावं म्हणून कोणतं प्लगिन?

याचं उत्तर मला पुरानं शिकवलं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे इथं शाळकरी पोरालाही पाठ असतं. २०२१ च्या जुलैत पाणी चढत होतं तेव्हा माझ्या ओळखीतला एक जण आपल्या ब्लॉगवर रोजची पातळी आणि बंद रस्ते लिहायचा. माहिती चोख होती, पण लोकांच्या फोनमध्ये एखादी दांडी रेंज, लाइट गेलेली, बॅटरी वीस टक्के. त्याचं पान उघडायचंच नाही. कारण वर पुराचा मोबाइलवर काढलेला भलामोठा फोटो, जसाच्या तसा. शेवटी त्यानं तीच माहिती व्हॉट्सअ‍ॅपवर चार ओळीत टाकली आणि ती गावभर फिरली.

तेव्हा आधी फोटो बघा. गंमत म्हणजे यातलं बरंच काम वर्डप्रेस आता स्वतःच करतं. ५.३ आवृत्तीपासून खूप मोठा फोटो २५६० पिक्सेलवर आणून वापरला जातो. ५.५ पासून खालचे फोटो वाचक तिथवर पोचेपर्यंत उतरत नाहीत, म्हणजे त्यासाठी वेगळं लेझी लोड प्लगिन आता लागत नाही. ५.८ पासून वेबपी या हलक्या प्रकारातली चित्रं चालतात. तरी लेखातल्या फोटोला २५६० कशाला? चढवण्याआधी रुंदी १२०० वर आणा. जुने शेकडो फोटो पडले असतील तर मात्र ईडब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू किंवा शॉर्टपिक्सेलसारखं प्लगिन लावून एकदा सगळे पिळून घ्या.

त्यानंतर कॅश. प्रत्येक वाचकासाठी पान नव्यानं रांधण्याऐवजी एकदा करून ठेवलेलं वाढायचं, एवढीच कल्पना. यासाठी एकच प्लगिन लावा. दोन लावली की दोन आचाऱ्यांसारखी भांडतात, आणि मग "लेख बदलला तरी जुनाच दिसतोय" म्हणून फोन मला येतो. होस्टिंग लाइटस्पीड सर्व्हरवर असेल तर लाइटस्पीड कॅश, नसेल तर डब्ल्यूपी सुपर कॅश साधं आणि पुरेसं आहे. लाइटस्पीडचं प्लगिन दुसऱ्या सर्व्हरवर लावलं तर त्याची पान साठवायची मुख्य सोय चालत नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसतं.

मोजायचं असेल तर गुगलच्या पेजस्पीड इनसाइट्समध्ये पत्ता टाका आणि मोबाइलचा टॅब बघा. पानातला सगळ्यात मोठा भाग अडीच सेकंदांत दिसला तर चांगलं धरतात. शंभरपैकी शंभरच्या मागे लागू नका, तो छंद आहे.

मराठी लेखाची लिंक पाठवली की टक्क्याच्या खुणांची (%) माळ दिसते. प्लगिन आहे का?

प्लगिनआधी कारण समजून घ्या, ते मजेशीर आहे. "कोल्हापुरी तांबडा पांढरा रस्सा घरच्या घरी" असं शीर्षक दिलं की वर्डप्रेस त्यातूनच लिंकचं शेपूट तयार करतं, त्याला स्लग म्हणतात. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, मग ते अक्षर असो, काना असो की अनुस्वार, तीन बाइटचं असतं. लिंकमध्ये एकेका बाइटला टक्क्याच्या खुणेसकट तीन जागा लागतात. म्हणजे एका चिन्हाला नऊ जागा. आणि स्लगला मिळतात एकूण २००.

आता मोजा. "कोल्हापुरी" ची दहा चिन्हं, "तांबडा" ची सहा, "पांढरा" ची सहा. बावीस चिन्हांचे १९८, मधल्या दोन आडव्या रेघा धरून बरोबर २००. पुढचा "रस्सा" कापला जातो! तांबडा पांढरा आहे आणि रस्साच नाही, अशी लिंक जगभर फिरते.

उपाय फुकटचा आहे. प्रसिद्ध करण्याआधी स्लगच्या चौकटीत दोन-तीन शब्द रोमन लिपीत लिहा. आधीच प्रसिद्ध केलेल्या लेखाचा स्लग बदलला तर वर्डप्रेस जुन्या लिंकवरून नव्या लिंकवर आपोआप नेतं. पण ही सोय लेखांना आहे, "आमच्याविषयी" सारख्या पानांना नाही. त्यांच्यासाठी रिडायरेक्शन हे प्लगिन लावा. आपोआप लिप्यंतर करून देणारी प्लगिन्सही मिळतात, पण त्यांनी केलेलं "कोल्हापुरी" चं रोमन रूप बघून हसू आवरत नाही. हातानंच लिहा.

"वाचायला किती मिनिटं" दाखवणारं प्लगिन माझ्या सगळ्या लेखांवर एकच मिनिट का दाखवतं?

कारण त्याला देवनागरी शब्द मोजता येत नाहीत. रोमन अक्षरं धरून शब्द मोजणारी साधी पद्धत आत वापरली असेल तर तुमचा तीन हजार शब्दांचा लेख त्याला जवळपास कोरा दिसतो. मोकळ्या जागा धरून मोजणारं प्लगिन शोधा, किंवा ती पट्टी काढून टाका. तशीही ती बघून वाचायचं ठरवणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

हीच परीक्षा प्रत्येक नव्या प्लगिनची घ्या. विकतचं असेल तर पैसे भरण्याआधी एका मराठी लेखावर चालवून बघा. अनुक्रमणिका करणाऱ्या प्लगिनमध्ये मराठी मथळ्यावर टिचकी मारली की बरोबर जागी जातंय का, आणि सामाजिक माध्यमांसाठी चित्र बनवणाऱ्यात जोडाक्षरं फुटत नाहीत ना, एवढं नक्की तपासा.

ब्लॉगवरच्या शोधात "कोल्हापूर" टाकलं तर "कोल्हापुरात" असलेला लेख का सापडत नाही?

वर्डप्रेसचा शोध अक्षरांचा तोच तुकडा मजकुरात आहे का एवढंच बघतो. "मिसळ" टाकलं तर "मिसळीचा" सापडतं, कारण तुकडा शाबूत आहे. "कोल्हापूर" मधला दीर्घ ऊकार प्रत्यय लागला की ऱ्हस्व होतो, आणि शोधाच्या दृष्टीनं तो वेगळाच शब्द ठरतो. "चप्पल" आणि "चपला" चं तेच. मराठी व्याकरण मराठी शोधाच्या आड येतं ते असं.

लेख शंभराच्या आत असतील तर वर्ग आणि टॅग नीट लावा, तेवढ्यानं भागतं. जास्त असतील तर रेलेव्हन्सी हे शोधाचं प्लगिन लावा. त्यालाही मराठी येत नाही, पण समानार्थी शब्दांची यादी देता येते. त्यात "कोल्हापूर" समोर "कोल्हापुर" आणि "चप्पल" समोर "चपला", "चपले" अशा जोड्या भरायच्या, आणि शब्दाचा तुकडा जुळला तरी चालेल असं सेटिंगमध्ये सांगायचं. काम हाताचं आहे. एका रविवारी बसून पन्नास जोड्या भरल्या की वर्षभर बघावं लागत नाही. लोक काय शोधतात याची नोंदही ते ठेवतं. कुस्तीवाल्या पोराला त्या नोंदीतून कळलं की लोक त्याच्या ब्लॉगवर "खुराक" शोधतायत, आणि त्यावर त्यानं एक ओळही लिहिली नव्हती.

अक्षरं सुंदर दिसायला फॉंटचं प्लगिन लावू का?

आधी सेटिंग्जमध्ये साइटची भाषा मराठी करा. त्यानं पानाच्या माथ्यावर "हे मराठी आहे" अशी खूण जाते, आणि ज्या फॉंटमध्ये सोय आहे त्यात ल आणि श मराठी वळणाचे दिसतात, हिंदी वळणाचे नाहीत. आंधळ्या वाचकाला पान वाचून दाखवणारा फोनही त्या खुणेवरून मराठी आवाज निवडू शकतो. इतकी मोठी सोय आणि प्लगिन शून्य.

फॉंट एकच घ्या, फार तर दोन. देवनागरी फॉंटमध्ये जोडाक्षरांमुळे आकृत्या पुष्कळ असतात, त्यामुळे फाइल जड होते. मुक्त नावाचा फॉंट चांगला आहे, आणि छापील पुस्तकाचा घाट हवा असेल तर टिरो देवनागरी मराठी. थीममध्ये अक्षरांत अंतर वाढवायची सेटिंग असेल तर तिला हात लावू नका, शिरोरेषा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो.

लेख चोरीला जातात. कॉपी बंद करणारं प्लगिन हवंय.

हा प्रश्न महिन्यातून दोनदा येतो आणि माझं उत्तर ऐकून माणसं नाराज होतात. लावू नका. चोराला पान जतन करता येतं, स्क्रीनशॉट घेता येतो, ब्राउझरमध्ये स्क्रिप्ट बंद करता येते. अडतो तो प्रामाणिक वाचक. त्याला साहित्याची यादी भावाला पाठवायची असते, एखाद्या शब्दाचा अर्थ बघायचा असतो, तुमचं एक वाक्य तुमच्या नावासकट शेअर करायचं असतं. चोरी सापडली तर ज्या होस्टिंगवर ती आहे त्यांच्याकडे आणि गुगलकडे तक्रारीचा अर्ज करता येतो. माझ्या एका गिऱ्हाइकानं हट्टानं असलं प्लगिन लावलं. दुसऱ्या दिवशी त्याचाच फोन, "माझ्याच लेखातला पत्ता मला कॉपी होईना!"

शेअरची बटणं, पॉप-अप, नोटिफिकेशन?

शेअरला व्हॉट्सअ‍ॅप. आपल्याकडे लेख जातो तो भावकीच्या आणि शाळेच्या ग्रुपवर. बारा चिन्हांची रांग कशाला? बाहेरून स्क्रिप्ट न ओढणारं, साधी लिंक देणारं हलकं प्लगिन निवडा. बटणं लेखाच्या शेवटी ठेवा. स्क्रीनच्या कडेला चिकटून राहणारी बटणं मोबाइलवर प्रत्येक ओळीचं शेवटचं अक्षर खातात.

पॉप-अप मी लावून देत नाही. नोटिफिकेशनचंही तेच, पान उघडल्या उघडल्या परवानगी मागणाऱ्याला लोक नकारच देतात.

लेखाच्या खाली "हेही वाचा" दाखवायला?

वायएआरपीपी हे जुनं आणि फुकट प्लगिन आहे. पण ते शब्दांच्या साम्यावर जोड्या लावतं, म्हणून कधी कधी अंबाबाईच्या किरणोत्सवाच्या लेखाखाली उन्हाळी सरबतं येतात. लेख थोडे असतील तर दोन लिंका हातानं द्या.

प्रतिक्रियांत नुसता कचरा येतो.

आधी चर्चेच्या सेटिंगमध्ये ठरावीक दिवसांनंतर जुन्या लेखांवरच्या प्रतिक्रिया बंद करा. बराचसा कचरा जुन्या लेखांवरच पडतो. मग अकिस्मेट किंवा अँटिस्पॅम बी. अकिस्मेट वैयक्तिक ब्लॉगला फुकट मिळतं, जाहिराती किंवा विक्री असेल तर पैसे भरावे लागतात, आणि प्रतिक्रिया तपासायला त्यांच्या सर्व्हरवर जाते. अँटिस्पॅम बी तुमच्याच साइटवर तपासतं. त्यात ठरावीक भाषेतल्याच प्रतिक्रिया घ्यायची सोय आहे, ती मात्र बंद ठेवा. आपले वाचक मराठी रोमन लिपीत लिहितात, आणि ती कोणती भाषा हे यंत्राला सांगता येत नाही. स्पॅमचा डबा आठवड्यातून एकदा उघडून बघत जा. मला त्यात एकदा सांगलीच्या एका आजोबांची लांबलचक, सुरेख प्रतिक्रिया सापडली होती, दोन महिने पडून राहिलेली.

संपर्काचा फॉर्म भरला जातो, पण मेल येत नाही.

दोष बहुधा फॉर्मचा नसतो. होस्टिंगवरून निघालेला मेल समोरच्याला संशयास्पद वाटतो आणि तो स्पॅममध्ये जातो किंवा हरवतो. डब्ल्यूपी मेल एसएमटीपी लावून मेल तुमच्या खऱ्या मेल खात्यातून जाईल असं करा. फॉर्मसाठी कॉन्टॅक्ट फॉर्म सेव्हन पुरेसं आहे. नाव, मेल आणि निरोप, तीनच रकाने ठेवा.

गुगलमध्ये वर यायला योस्ट लावू की रँक मॅथ?

कोणतंही एक. दोन्ही एकदम लावले तर एकाच पानाला दोन-दोन वर्णनं जातात. साइटमॅप, म्हणजे गुगलला द्यायची पानांची यादी, एवढ्यासाठीच हवं असेल तर तेही नको, ५.५ पासून वर्डप्रेस स्वतः साइटमॅप देतं. आणि या प्लगिन्समधल्या शाबासकीच्या हिरव्या दिव्यासाठी वाक्यं मोडू नका. तो दिवा लागावा म्हणून एका सरांनी एका परिच्छेदात पाच वेळा "पन्हाळा किल्ला माहिती" असं कोंबलं होतं. त्यांच्या विद्यार्थ्यांनीच विचारलं, सर बरे आहेत ना?

बॅकअप आणि सुरक्षेचं काय?

अपड्राफ्टप्लस लावा, आठवड्यातून एकदा बॅकअप गुगल ड्राइव्हवर जाऊ दे. त्याच होस्टिंगवर ठेवलेला बॅकअप म्हणजे घराची दुसरी किल्ली घरातच ठेवणं. वर्षातून एकदा तो परत चढवून बघा, रिकाम्या चाचणीच्या साइटवर. चढत नसेल तर ते तेव्हाच कळलेलं बरं.

सुरक्षेला वर्डफेन्स चालेल, पण लहान होस्टिंगवर ते जड जातं. लांब पासवर्ड, दोन टप्प्यांचं लॉगिन आणि वेळेवर अपडेट, एवढ्यावर बहुतेक ब्लॉगचं निभतं.

अपडेट केलं आणि साइट पांढरी पडली. आता?

घाबरून आणखी बटणं दाबू नका. ५.२ पासून वर्डप्रेस अशा वेळी प्रशासकाच्या मेलवर एक खास लिंक पाठवतं. तिच्यातून आत जाता येतं आणि बिघडलेलं प्लगिन बंद करता येतं. म्हणूनच वर मेलचं एवढं सांगितलं, मेल येत नसेल तर हा जीवरक्षकही येत नाही. तसं झालं तर होस्टिंगच्या फाइल मॅनेजरमध्ये प्लगिन्सच्या फोल्डरात जा आणि त्या प्लगिनच्या फोल्डरचं नाव बदला. वर्डप्रेसला ते सापडत नाही, म्हणून ते बंद पडतं आणि साइट उठते.

कोणतं प्लगिन बिघडलंय हेच कळत नसेल तर हेल्थ चेक अँड ट्रबलशूटिंग लावा. ते सगळी प्लगिन्स फक्त तुमच्यापुरती बंद करतं, वाचकाला साइट नेहमीसारखी दिसते. मग एकेक चालू करत गुन्हेगार पकडायचा. ६.६ पासून आपोआप होणारं अपडेट साइट मोडत असेल तर वर्डप्रेस आधीची आवृत्ती परत आणतं, तोही एक आधार आहे. तरी अपडेट मंगळवारी सकाळी करा, शनिवारी रात्री नको. मी एकदा लग्नाच्या पंगतीत, एका हातात मोबाइल धरून फोल्डरचं नाव बदललंय. जिलेबी गार झाली.

नको असलेलं प्लगिन नुसतं बंद करून ठेवलं तर चालेल?

बंद केलेल्या प्लगिनच्या फाइली सर्व्हरवर राहतात, आणि त्यात भोक असेल तर तेही राहतं. लागणार नसेल तर पुसून टाका. काही प्लगिन्स पुसल्यावरही डेटाबेसमध्ये आपले तक्ते सोडून जातात. त्यांच्या सेटिंगमध्ये "काढताना सगळा डेटा पुसा" अशी खूण असते का ते पुसण्याआधी बघा.

आणखी एक गोष्ट पुसण्याआधीच करायची. त्या प्लगिननं लेखांत चौकटी कंसातले शॉर्टकोड, म्हणजे "इथं गॅलरी दाखव" असं सांगणाऱ्या खुणा, पेरले असतील तर ते लेख आधी शोधून ठेवा, कारण प्लगिन गेलं की वाचकाला फोटोंच्या जागी ते कंसच दिसतात. गुजरीतल्या त्या कारागिरानं गॅलरीचं प्लगिन असंच उडवलं, आणि कोल्हापुरी साजाच्या चाळीस लेखांत साजाऐवजी नुसते कंस लटकत होते. डेटाबेसमध्ये शोधून एकेक बदलायला आम्हाला दोन संध्याकाळी लागल्या.

तुमच्या जुन्या लेखांत असे कंस दिसत असतील तर त्या कंसातला पहिला शब्द टिपून ठेवा आणि मग फोन करा. त्यावरून प्लगिन कोणतं होतं ते ओळखता येतं.